ग्रिलचा रंग आणि पिलर

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तब्बल दीड तास चर्चा झाली. विषय? खिडक्यांच्या ग्रिलला पांढरा रंग की तपकिरी! फ्लॅटमधल्या फेरफारांचे अर्ज बघायचं काम कमिटीत माझ्याकडे आहे. (दुसऱ्या कुणी हात वर केला नाही, म्हणून मी केला. रात्री विरार लोकलमधून उतरून अर्ज वाचायचे. मानधन: शिव्या.)

समितीच्या परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरफार करायचे नाहीत, असं आदर्श उपविधी सांगतात. हा नियम रंगासाठी वापरायचा म्हटलं की सगळ्यांना चेव येतो. पण तिसऱ्या मजल्यावर हॉल मोठा करायला पिलरचा कोपरा तासला, तेव्हा? "घर त्यांचं आहे हो, जाऊ द्या!" अहो, घर त्यांचं, पण पिलर? त्याच्यावर वरचे दोन मजले उभे आहेत ना!

२६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. १७ माणसं गेली. "ती इमारत अनधिकृत होती, आपली अधिकृत आहे," असं सभेत ऐकवण्यात आलं. मान्य. पण गंज काय कागदपत्रं बघून चढतो? इथल्या खाऱ्या हवेत सळया फुगतात, प्लास्टर सुटतं, आणि आपण त्यावर पुट्टी मारतो.

१५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी, हेही उपविधींतच आहे. आमची इमारत २२ वर्षांची. ऑडिट एकदाही नाही. तो विषय शेवटी होता, आणि तोवर बटाटेवडे आले...

आता माझं पाप. २०११ साली मीही न विचारता बाल्कनी खोलीत घेतली. सभेत कुणीतरी ते काढलंच, आणि मला उत्तर नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज माझाच टाकला. इंजिनियर म्हणाला तोडा, तर तोडणार. (बायको सध्या अबोल आहे.)

ग्रिलला हवा तो रंग द्या. गुलाबी द्या! पण पिलर-बीमला हात लावायचा नाही, आणि ऑडिट यंदाच.

आणि मावशी, वाचते आहेस ना? तुमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगचं ऑडिट कधी झालं होतं, ते जरा सेक्रेटरींना विचार. आजच.