इंजिन हलते, हे धरून चाला

घरी विमान बांधणाऱ्या मंडळींत एक जुनी थट्टा आहे : नव्वद टक्के काम उरकले, आता फक्त नव्वद टक्के राहिले. हे दुसरे नव्वद टक्के सुरू होतात फायरवॉलच्या पुढे. पंखांचे आणि शेपटीचे रिव्हेट मारताना किटची पुस्तिका पावलोपावली सांगत असते. लायकॉमिंग एकदा माउंटवर चढले की ती मोघम होत जाते, आणि तिचाही इलाज नसतो. प्रॉपेलर कोणता, मॅग्नेटो की इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पॅनेलवर काय काय, हे प्रत्येकाने आपापले ठरवलेले असते. वायर कुठून न्यायची ते बांधणाऱ्यानेच बघायचे. आणि नेमके याच टप्प्यावर त्याला इंजिनाचा पहिला आवाज ऐकायची घाई झालेली असते.

काउलिंग फायबरग्लासचे आणि वायरिंग तांब्याचे, म्हणून आपण ही दोन स्वतंत्र कामे समजतो. बरेच जण वायरिंग आधी आणि काउलिंग नंतर करतात. दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. इंजिन रबरी माउंटवर टांगलेले असते आणि ते हलते. सुरू होताना हलते, बंद होताना तर जोराचा हिसका देते. काउलिंग आणि फायरवॉल मात्र जागच्या जागी असतात. या दोहोंमधल्या फटीत जे जे येते, त्याचा विचार हलत्या इंजिनावरूनच करावा लागतो.

स्पिनरची मागची चकती आणि काउलिंगची पुढची कड यांत साधारण दोन सुतांची फट ठेवतात. फट सगळीकडून सारखी आणि स्पिनर बरोबर मध्यावर आला की फोटो छान येतो. पण नवे रबर वर्षभरात इंजिनाच्या वजनाने बसते आणि स्पिनर खाली उतरतो. म्हणून जाणकार बांधणारे सुरुवातीला स्पिनर अर्धा-एक सूत वरच ठेवतात. फायबरग्लास कापतानाही रेघेच्या अलीकडे थांबावे आणि उरलेले पॉलिश पेपरने काढावे. वेळ जातो, पण जास्त कापलेले भरून काढण्यात त्याहून जास्त जातो.

काउलिंगच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडणीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. पियानो हिंज स्वस्त, हलकी आणि दिसायला देखणी. पण थरथरीने तिची कडी तुटते, विशेषतः खालच्या बाजूला, आणि लांब पिना ओढून काढणे कंटाळवाणे असते. कॅमलॉकसारखे पाव फेऱ्यात सुटणारे फासनर महाग पडतात. तरी तेच घ्या. जे काउलिंग सहज उघडते, तेच वारंवार उघडले जाते.

बॅफलच्या पत्र्याच्या कडेला सिलिकॉन रबराची पट्टी असते, तीही इंजिन हलते म्हणूनच. नाहीतर पत्राच थेट काउलिंगला भिडवला असता. या पट्टीची कड दाबाच्या बाजूला, म्हणजे आत वळलेली हवी. तसे असेल तर समोरून येणारी हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. उलटी वळली तर तीच हवा तिला ढकलून निसटते आणि सिलिंडरच्या फिनांमधून खाली जायला हवी ती हवा वाया जाते. लायकॉमिंगची सिलिंडर हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असली, तरी इंजिन दीर्घकाळ टिकवायचे तर ४०० च्या आसपास राहावे. थंड हवेत खपून जाणारी गळती नागपूरच्या मे महिन्यात खपणार नाही.

आता वायरी. इंजिनावरून माउंटवर किंवा फायरवॉलवर येणाऱ्या प्रत्येक वायरीला त्या टप्प्यात थोडी ढील हवी आणि दोन्ही टोकांना रबरी अस्तराचा क्लॅम्प हवा. अमेरिकेच्या एफएएच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत दोन आधारांमध्ये २४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको आणि हाताने दाबल्यावर अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको, असे सांगितले आहे. वायर इंधनाच्या नळीच्या वरून जावी. नळीलाच प्लास्टिकच्या टायने वायर बांधणे हा आळस आहे आणि तो अनेक सुंदर विमानांत दिसतो. टोकांना डाग देण्याऐवजी रॅचेटच्या पकडीने क्रिम्प करावे. डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. घरगुती पीव्हीसी वायर तर फायरवॉलच्या पुढेही नको आणि मागेही नको. जळताना तिचा विषारी धूर केबिनमध्ये येतो. टेफझेलच्या आवरणाच्या वायरीला पर्याय नाही.

दोन जोडण्यांवर मात्र थोडे थांबायला हवे. पहिली, इंजिन आणि फायरवॉल यांच्यातली तांब्याची विणलेली ग्राउंडची पट्टी. माउंटच्या रबरातून वीज वाहत नाही. ही पट्टी राहिली किंवा सैल झाली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबलींतून जातो आणि त्या जाळतो. दुसरी, मॅग्नेटोची पी-लीड. मॅग्नेटो बंद करणे म्हणजे ती ग्राउंडला जोडणे. घासून किंवा हिसक्याने ती तुटली, तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. हँगरमध्ये कुणी प्रॉपेलर सहज हाताने फिरवला तर काय होईल, ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून आमचा आग्रह असा : काउलिंग आधी बसवावे आणि मग ते काढ-घाल करतच वायरिंग करावे. जिथे अंतराची शंका वाटेल तिथे मुलांच्या खेळण्यातली मऊ माती चिकटवून काउलिंग बंद करावे; माती किती दबली त्यावरून अंतर कळते. एक्झॉस्ट जवळ येतो त्या ठिकाणी आतून उष्णता परतवणारी फॉइल लावावी. पहिल्यांदा इंजिन चालवल्यावर काउलिंग उतरवून घासल्याच्या खुणा शोधाव्यात, उड्डाणानंतर पुन्हा शोधाव्यात.

आणि दुसऱ्याला दाखवावे. अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा हवेत ताबा सुटण्याच्या जोडीने इंजिन बंद पडणे हे सर्वांत ठळक कारण निघाले. तिथे ईएए या हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार बोलावल्यावर गॅरेजपर्यंत येतात. आपल्याकडे अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली; पण असे बांधणारे अजून बोटांवर मोजण्याइतकेच. तेव्हा परवानाधारक देखभाल अभियंता (एएमई) ओळखीचा असेल तर त्याला चहाला बोलवा आणि काउलिंग उघडे ठेवा.

पुढच्या अंकासाठी वाचकांनी आपापल्या विमानाचे फोटो जरूर पाठवावेत. पॅनेलचे नकोत. फायरवॉलच्या पुढचे, इंजिन चालवून झाल्यावर काढलेले, आणि जिथे घासले आहे ती जागा नीट दिसेल असे.