फेकू नका पोरीचे दगड!

मैत्रिणींनो, आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम मुळात काय आहे, हे कधी मुलींना सांगितलंय? नेपाळातल्या गंडकी नदीतला तो काळा दगड. त्यातलं चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचं कवच, दगडात उमटलेलं. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचं! हे सांगितल्यानं त्याचं देवपण कमी होतं, असं मला तरी वाटत नाही.

आमच्या दिंद्रुडला असे समुद्रातले जीवाश्म मिळायचे नाहीत. इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण त्याच्याच पोकळ्यांत गारगोट्या अन् स्फटिक तयार झाले. विहीर खोदली की निघतात आणि मुरमाबरोबर रस्त्यावर जातात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात असेच स्फटिक काचेआड मांडलेत.

पोरीनं ओढणीत दगड भरून आणले, की आपण ओरडतो, ‘तो कचरा टाक आधी!’ दहावी झाली की स्थळं बघणाऱ्या घरात तिचं स्वतःचं असं असतं तरी काय? चपलांचा रिकामा खोका द्या तिला, आणि एक वही. दगडावर नंबर, वहीत तारीख, शेत, विहीर किती खोल. ही नोंद नसेल तर तो नुसता दगड. (विहिरीत उतरू देऊ नका, ढिगारा पुरे.) काचेवर ओरखडा उठला तर बहुधा गारगोटी, पुडीवर लिंबू पिळून बुडबुडे आले तर कॅल्साइट. वहीवर नाव मात्र तिचंच हवं.