आयाळीला बांधलेले गंगावन

आपल्या वार्षिकांकात संतसाहित्यावर, हुंड्यावर, बेकारीवर आणि तरुण पिढीच्या जबाबदारीवर लेख येतात. यंदा घोडीच्या खाजेवर एक लेख येतो आहे, याबद्दल गुरुजनांनी व विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या पैशांनी ती पायरी चढले त्यांचा या खाजेशी संबंध आहे, म्हणून दुसरा विषय सुचेना.

आमचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार सर्वांना ऐकून ठाऊक आहे. तिथे घोड्यांच्या स्पर्धाही होतात. जनावर उमदे दिसले पाहिजे, आणि दिसण्यात पहिला मान आयाळीचा. आमची बिजली तशी होती. पांढरीशुभ्र, मान कमानीसारखी. पण तिसऱ्या वर्षी पावसाळा लागला आणि ती बाभळीच्या बुंध्यावर, गाडीच्या चाकावर मान घासू लागली. श्रावणापर्यंत अर्धी आयाळ गेली, शेपटीचे मूळ उघडे पडले, कातडीला जाड वळ्या आल्या.

कुणी म्हणाले नजर लागली. कुणी म्हणाले उष्णता, चंदी बदला. आबांनी नजर काढली, चंदी बदलली, करंजाच्या तेलात गंधक कालवून लावले. एका शहाण्याच्या सल्ल्यावरून इंजिनाचे जळके तेलही लावले, त्याने कातडी सोलून निघाली. थंडी पडली आणि खाज आपोआप थांबली. आम्हाला वाटले, तेलाचा गुण!

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पुढे जे समजावले ते असे. या रोगाला इंग्रजीत ‘स्वीट इच’ म्हणतात. आपण ज्यांना मुरकुटे म्हणतो, त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या कीटकांच्या माद्या पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात. त्यांची लाळ काही घोड्यांच्या अंगाला सोसत नाही. तबेल्यातल्या एका घोडीला होते, शेजारच्या घोडीला होत नाही. हा संसर्ग नव्हे. मात्र प्रवृत्ती रक्तातून पुढे जाते. आइसलंडमधले घोडे मोठे झाल्यावर युरोपात नेले, तर तिथेच जन्मलेल्या त्याच जातीच्या घोड्यांपेक्षा त्यांना हा त्रास कितीतरी अधिक होतो. लहानपणापासून चावा ठाऊक नसलेल्या अंगाला तो अधिक झोंबतो.

आता खरी गोष्ट. यात्रा येते मार्गशीर्षात. तोपर्यंत मुरकुटे कमी झालेली असतात, खाज थांबलेली असते. आयाळ मात्र आलेली नसते, तिला वर्ष-दीड वर्ष लागते. दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेला आबांनी बिजलीच्या उरलेल्या केसांत गंगावन गुंफले, वर लाल गोंडे बांधले. गोंडे बांधताना दोरा मीच धरला होता. गिऱ्हाइकाने दात पाहिले, खूर पाहिले, भोवरे तर तीनदा मोजले. गोंड्याखाली बोट कुणी घातले नाही. घोडी विकली गेली, आणि पुढच्या जूनमध्ये माझी फी भरली गेली. तो माणूस तिच्यापासून शिंगरे घेणार होता.

हे आमच्याच घरी घडते असे समजू नका. बाजारात फिरा, किती घोड्यांची मान सजावटीने झाकलेली आहे ते पाहा. मी दोष एकट्या विकणाऱ्याला देणार नाही. (तो माझा बाप आहे म्हणून म्हणते, असे कुणी म्हणेल, म्हणो.) गिऱ्हाईक भोवऱ्यावर हजारो रुपये वर-खाली करते. भोवऱ्याने कुठल्या घोडीला रोग झाला? स्पर्धेतही नजर जाते ती सजावटीवर. माझे म्हणणे एवढेच, की मैदानात घोडा उतरण्यापूर्वी साज काढून त्याची मान आणि शेपटीचे मूळ पाहावे, पावसाळ्यात खाज होती काय हे मालकाला सर्वांसमक्ष विचारावे, आणि खाज असलेल्या घोडीपासून पैदास करू नये. खरे सांगणाऱ्याला भाव कमी मिळेल, हे मी जाणते. आमची फी त्या कमी भावात निघाली नसती, हेही जाणते.

यंदा बिजलीची सख्खी धाकटी बहीण तारा, वय अडीच वर्षे, आषाढात मान घासू लागली. या खेपेला आम्ही दिवेलागणीच्या आधी तिला आत घेतो आणि ऊन चांगले वर आल्यावर सोडतो. उकिरडा तबेल्यापासून लांब नेला, हौदाजवळचा चिखल बुजवला. दाराला मच्छरदाणी लावली तर मुरकुटे तिच्या भोकांतून खुशाल आत आली. शेवटी आईने आपले जुने पातळ दुहेरी करून लावले. वीज असेल तेव्हा टेबलफॅन चालतो, कारण वाऱ्यात या किड्यांना उडता येत नाही. निंबाचा धूर करायचो, तो डॉक्टरांनी कमी करायला सांगितला. घोड्याच्या छातीला सोसत नाही. मानेवरून कानापर्यंत येणारी सुती झूल मी शिवली. खरजेवर माणसे लावतात ते बेंझिल बेंझोएट डॉक्टरांच्या सांगण्याने लावतो, पण सोललेल्या जागी नाही. ताराची निम्मी आयाळ वाचली. पूर्ण वाचली असे म्हणणार नाही.

आबांना वाचता येत नाही. छापायला देण्यापूर्वी हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर म्हणाले, “बिजली विकली तेव्हा साडेचार वर्षांची होती, ते लिहायचं राहिलं.” मग पेटीतून गिऱ्हाइकाच्या फोन नंबराची चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

फोन अजून लावलेला नाही.

— द्वितीय वर्ष, कला