नायिका पाहिजे

रविवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ मी घरी कुणालाही भेटत नाही, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झालं असेल. ती वेळ मासळी बाजाराची. पण परवा चपला पायात सरकवते तोच बेड्याशी तीन मुलं उभी. दोन मुलगे, एक मुलगी. ‘काकी, रिसर्च करायचाय.’ जानेवारीतल्या एकांकिका स्पर्धेसाठी नाटक बसवतायत. विषय सायबर बुलिंग आणि स्त्रीची बदलती भूमिका. हातात चौदा प्रश्नांची छापील प्रश्नावली. प्रश्न पहिला : ‘आपण आभासी गुंडगिरीच्या बळी ठरला आहात काय? होय / नाही.’

मी म्हटलं, बाजारात चला, चालता चालता बोलू. पिशवी धरायला फुकटचा माणूस मिळत असेल तर कुणाला नको आहे?

पहिलं भांडण झालं ते ‘आभासी’वरून. गणपतीत मी इथे आरत्यांच्या चुकीच्या उच्चारांवर लिहिलं होतं, आठवत असेल. ते कुणीतरी माझ्या फोटोसकट फेसबुकवर चढवलं. खाली एकाने माझ्या नवऱ्याची कीव केली. एकाने माझ्या वयाचा हिशेब मांडला, तोही चार वर्षं वाढवून. आणि एकाने, ज्याच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं, माझं काय करायला हवं ते इतकं तपशिलात लिहिलं की वाचता वाचता चहा गार झाला. आरत्यांबद्दल कुणाचाच काही आक्षेप नव्हता. त्या रात्री मी दोनदा उठून ते सगळं पुन्हा वाचलं. पोटात आलेला गोळा आभासी नव्हता. त्याच्यावर मी खरोखरचं ओव्याचं पाणी प्याले. आणि ‘गुंडगिरी’ तरी कशाला म्हणायचं? गुंड कुठल्या वाडीतला हे निदान ठाऊक असतं. आपल्याकडे ‘कुटाळकी’ असा चांगला घसघशीत शब्द पडून आहे, तो घ्या. मुलांनी मान डोलावली आणि लिहून काही घेतलं नाही.

बाजारात माझ्या नेहमीच्या मावशीसमोर प्रश्नावली धरली. हल्ली ती ताज्या मासळीचा फोटो गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवते, त्यामुळे तिचा नंबर अर्ध्या तालुक्यात फिरतो. प्रश्न ऐकून घेताना तिचे हात बांगडे साफ करत होते.

‘गो बाय, रात्री अकराक फोन येय. भाव काय, भाव काय, म्हणान इच्यारी. आनि हसा. दोन दिस आयकलंय. तिसऱ्या दिसाक हयसर बाजारात बसान मियाच फोन लायलंय, स्पीकराक. म्हटलंय, बोल आता, खयचो भाव होयो तुका? बांगड्याचो की तुझ्या मुस्काटाचो? सगळो बाजार आयकता हा! फोन कट केल्यान. मगे नाय इलो.’

मुलगे खूश. एकांकिकेचा शेवट सापडला म्हणाले. मुलगी मात्र गप्प. परतताना, मुलगे पुढे गेल्यावर, तिने सांगितलं. गेल्या वर्षी तिचा गॅदरिंगमधला नाचाचा फोटो कुणीतरी भलत्याच शरीरावर चिकटवून फिरवला. घरी कळलं. तिचा फोन भावाच्या ताब्यात गेला, नाच बंद झाला, आणि फोटो करणारा कोण ते आजतागायत कळलेलं नाही. ही संहिता तिचीच. पण नायिकेचं काम करशील का, असं विचारल्यावर म्हणाली, ‘काकी, पोस्टरवर फोटो येतो ना.’

मावशीला साठीत जे जमलं ते हिला विसाव्या वर्षी का जमत नाही, असं मला कुणी पत्र पाठवून विचारू नये. मावशीचा गल्ला मावशीच्या कमरेला आहे. हिचा फोनही हिच्या हातात नाही. प्रश्न नववा, ‘स्त्रीची बदलती भूमिका याविषयी आपले मत’, याच्यापुढे तीन ओळींची रिकामी जागा सोडलेली होती. माझं मत एवढंच, की मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात त्याला आपण बदल म्हणतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी येऊन मुलीच्या हातातला फोन काढून घेतो.

कायद्याचं उरकून टाकते, कारण मुलांनी ते पान रिकामं ठेवलं होतं. बाईचा पाठलाग, त्यात इंटरनेटवरची पाळतही आली, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. अश्लील मजकूर पसरवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे. केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर बायका-मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. कलम ६६अ मात्र कुणी सुचवू नये. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, त्यात हेच कलम वापरलं होतं.

तर नायिका नाही. त्यावर एक मुलगा म्हणाला, ‘दशावतारात करतात तसं करू. मी नेसतो साडी.’ दुसरा म्हणाला, शेवट दळवींच्या ‘पुरुष’सारखा करू. जयवंत दळवी आपल्या आरवलीचे, त्यामुळे इथल्या प्रत्येक नाटकवेड्याला ते घरचेच वाटतात. मी म्हटलं, अरे, त्या नाटकातल्या अंबिकेने अत्याचारी गुलाबरावाचं जे केलं ते करायला आधी गुलाबराव सापडावा लागतो. गुलाबाच्या फुलाचं काय कापणार, सिमकार्ड?

पण साडीची गोष्ट डोक्यात राहिली. फोटो फिरायच्या आधी ‘पूजा’ नावाची कुणी त्या मुलीला मैत्रीण म्हणून मेसेज करायची, असंही तिने सांगितलं होतं. ती पूजाही कुणीतरी बाप्याच असणार. म्हणजे ही इंटरनेटवरची स्त्रीपार्टीच की! शोधावर खूश होऊन मी तो आमच्या वाडीतल्या एका जुन्या दशावतारी कलाकाराला ऐकवला. तीसेक वर्षं त्याने द्रौपदी, तारामती उभ्या केल्या. एरवी माझ्या विनोदांना तो हसतो. या वेळी चिडला.

‘आमी लुगडा नेसतव तेवा समोरच्या पोराकय म्हायत असता, ह्यो बापयो आसा म्हणान. राजाची राणी जावन रडतव आनि मगे आरतीचा ताट घेवन लोकांत फिरतव. रात सरली की तोंड धुवन त्याच गावात च्या पितव. तुजी ती पूजा खय च्या पिता ता सांग!’

मी शब्द मागे घेतला. इथेही घेते.

आता जुन्या काळाचे गोडवे गाते आहे असं वाटायच्या आत सांगते. हिराबाई पेडणेकर शेजारच्या सावंतवाडीत जन्मल्या. गाणं शिकल्या, नाटकं लिहिली. ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगमंचावर आणलं. बाईने लिहिलेलं संगीत नाटक म्हणजे तेव्हा अप्रूपच. पण घराणं नायकिणींचं, त्यामुळे लोकांनी दामिनीपेक्षा हिराबाईंच्या जन्माची आणि ओळखीपाळखीची चर्चा जास्त केली. मोबाईल नव्हता, टॉवर नव्हता. कुटाळकी पोचायची तिथे पोचली. पुढे मुंबई सोडून त्या गुहागरजवळ पालशेतला जाऊन राहिल्या. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ लिहिलं, तोवर हिराबाईंना जाऊन दोन तपं उलटली होती. आपल्या जिल्ह्यात किती नाट्यगृहं, किती रंगमंच, किती कमानी! माझ्या पाहण्यात तरी एकावरही हिराबाईंचं नाव नाही.

हे मी पडवीत सौंदाळे निवडता निवडता सांगत होते. मुलीने प्रश्नावली उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ‘हिराबाई’ असं लिहून खाली तारीख घातली. पुढच्या बाजूचे चौदाही प्रश्न कोरेच राहिले.

तालीम रोज संध्याकाळी सात ते नऊ, आमच्या पडवीत. नायिकेची जागा हा मजकूर देईपर्यंत रिकामी आहे. वय अठरा ते पंचवीस, मालवणी यायला हवं, अनुभव नसला तरी चालेल. पोस्टरवर कुणाचाच फोटो छापायचा नाही असं ठरलंय. आईबाबांना सोबत यायचं असेल तर खळ्यात खुर्च्या आहेत, चहा माझ्याकडे. भावांनीही यावं, फक्त येताना बहिणीचा फोन तिला परत देऊन यावं.