‘सन्स अँड लव्हर्स’ : गंडाच्या अलीकडची आई

डी. एच. लॉरेन्स यांची ‘सन्स अँड लव्हर्स’ ही कादंबरी १९१३ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१६ मध्ये, अल्फ्रेड कुट्नर यांनी फ्रॉइडच्या सिद्धान्ताच्या आधारे तिचे विवेचन केले, आणि तेव्हापासून ‘इडिपस गंडाची कादंबरी’ ही तिची ओळख रूढ झाली. मानसशास्त्रीय समीक्षेचा परिचय करून देताना मराठीच्या वर्गातही तिचा दाखला दिला जातो, तो बहुधा याच ओळखीपुरता. ही ओळख सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. मात्र तिच्यामुळे या कादंबरीतील एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. गर्ट्रूड मोरेल ही पॉलची आई होण्यापूर्वी वॉल्टर मोरेल या खाणकामगाराची पत्नी आहे, आणि तिच्या मातृत्वाला आलेले विपरीत वळण या वैवाहिक जीवनातच घडले आहे.

कादंबरीची रचनाच याची साक्ष देते. एकूण पंधरा प्रकरणांपैकी पहिल्या सहा प्रकरणांचा एक स्वतंत्र भाग लॉरेन्स यांनी केला आहे आणि त्याचा आरंभ मोरेल दांपत्याच्या संसाराच्या सुरुवातीच्या दिवसांपासून होतो. नाताळच्या एका समारंभात नाचणाऱ्या, मनमोकळे हसणाऱ्या वॉल्टरकडे गर्ट्रूड आकृष्ट होते. लग्नानंतर काही महिन्यांतच तिला कळते की घरातील सामानाची बिले अद्याप चुकती झालेली नाहीत, आणि जे घर नवऱ्याच्या मालकीचे म्हणून सांगितले गेले ते त्याच्या आईचे आहे. विश्वासाला पहिला तडा जातो तो येथे, हिशेबाच्या कागदांवर. पुढे वर्षाच्या विल्यमचे कुरळे केस वॉल्टर परस्पर कापून टाकतो. गरोदर पत्नीला रात्री घराबाहेर काढून तो दाराला कडी घालतो. त्याने भिरकावलेला खण तिच्या कपाळाला लागतो आणि रक्ताचे थेंब मांडीवरच्या तान्ह्या पॉलच्या केसांत झिरपतात. आई आणि मुलगा यांना बांधणारा धागा कोणत्या प्रसंगी विणला गेला, हे यापेक्षा स्पष्ट सांगण्याची आवश्यकता लेखकाला वाटलेली नाही.

या संसाराचे अर्थशास्त्रही लक्षात घ्यावयास हवे. मोरेलने आठवड्याला ४० शिलिंग मिळविले तर त्यांतील १० तो स्वतःसाठी ठेवतो, आणि उरलेल्या पैशांत पत्नीने घर चालवावयाचे असते. गर्ट्रूड शिकलेली आहे, विचारी आहे. परंतु त्या शिक्षणाला आणि विचारांना घराबाहेर वाव नाही. नवऱ्याच्या ठिकाणी ज्या आकांक्षा रुजल्या नाहीत त्या ती मुलांच्या ठिकाणी पेरते. विल्यम लंडनला नोकरीसाठी जातो आणि तेथे मरण पावतो. त्या दुःखात गोठलेली आई पॉलच्या आजारपणाने भानावर येते, आणि यापुढे तिचे जगणे पॉलमध्ये मूळ धरते. मिरियमविषयीचा तिचा मत्सर या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. ज्या स्त्रीजवळ मुलाखेरीज दुसरे काहीच उरलेले नाही, तिच्याकडून त्या मुलाच्या मुक्ततेची अपेक्षा करणे सोपे आहे. परंतु ती मुक्तता तिने कशाच्या बळावर द्यावी, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या कादंबरीतील भाषेचा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. वॉल्टर खाणपट्ट्याची बोली बोलतो, गर्ट्रूड प्रमाण इंग्रजी. मुले आईची भाषा उचलतात आणि तिच्यासोबत बापाकडे पाहण्याची तिची दृष्टीही उचलतात. बापाचा पगार आणावयास गेलेला पॉल अपमानित होऊन परततो तेव्हा तेथील माणसांच्या उच्चारांनाच नावे ठेवतो. तथापि, हाच पॉल पुढे क्लाराच्या निकट सहवासात बापाची बोली बोलू लागतो. ‘आईच्या आहारी गेलेला मुलगा’ या सूत्रात हा तपशील बसत नाही. गवताच्या काड्यांत दारू भरून सुरुंगाच्या वाती करीत बसलेला वॉल्टर आणि त्याच्याभोवती रमलेली मुले, हे चित्रही त्या सूत्रात बसत नाही. बाप केवळ खलपुरुष नाही, आणि आई केवळ ग्रासणारी शक्ती नाही. दोघेही एकाच श्रमव्यवस्थेने थकविलेली, परस्परांना पारखी झालेली माणसे आहेत.

कर्करोगाने तळमळणाऱ्या आईला पॉल आणि अ‍ॅनी दुधातून मॉर्फियाची अधिक मात्रा देतात. या प्रसंगात करुणा आणि सुटकेची इच्छा वेगळ्या करता येत नाहीत. गंडाची परिभाषा येथे फार तर सुटकेचे नाव सांगेल; करुणेचा हिशेब तिला लागत नाही.

या वाचनाचा मराठीतील अध्यापनाशीही संबंध आहे. ‘श्यामची आई’ (१९३५) शिकविताना आपल्याकडे मातृभक्तीचा गौरव होतो. परंतु कर्जाच्या ओझ्याखाली नवऱ्याबरोबर संसार रेटणारी, जमीन विकून ऋणमुक्त व्हावे असे सुचविणारी आणि जिचे ऐकले जात नाही अशी पत्नी त्याच पुस्तकात आहे. दोन्ही कृतींचा पिंड अगदी भिन्न आहे, आणि साने गुरुजींच्या यशोदेला गर्ट्रूडच्या पंक्तीला बसविण्याचे कारण नाही. साम्य आहे ते वाचकांच्या वृत्तीत. एका ठिकाणी गंडाने आणि दुसऱ्या ठिकाणी भक्तीने आईमागची पत्नी झाकली गेली आहे. पदव्युत्तर वर्गात कोणताही सिद्धान्त लावण्यापूर्वी कादंबरीचा पहिला भाग सावकाश वाचला जावा, आणि मुलाच्या मनाचे निदान करण्याआधी त्या घराचा जमाखर्च, त्या घरातील भाषा आणि त्या घरातील स्त्रीचे एकाकीपण यांची नोंद घेतली जावी, एवढी अपेक्षा रास्त ठरेल.