पिणारे पोर आणि आपण



शेतकऱ्याने जीव दिला की ‘मयत दारू पीत होता’ असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ. कर्ज आणि पडलेला भाव झाकण्याची ती सोपी युक्ती आहे. ती आपण मानत नाही, मानणारही नाही. पण म्हणून घरातला 15-16 वर्षांचा पोरगा पिऊ लागला, तर तेही झाकायचे का?

ज्वारीतले तण मारायला टू-फोर-डी चालते. तोच फवारा वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेला, तर पाने आक्रसतात, झाड वाया जाते. दारूचेही तसेच. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते; त्या वयात व्यसन लवकर मूळ धरते. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, 14 व्या वर्षापर्यंत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पुढे व्यसनी झालेले आढळले; विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते.

आपल्याकडे उपाय कोणते? मारझोड, शपथ, नाहीतर भाजीतून गुपचूप गोळी. ही गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. ती पोटात असताना दारू प्याली तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो. म्हणून डॉक्टर हवाच. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हा आजार आहे, औषधासोबत समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागते, आणि रुग्ण पुन्हा घसरला तरी त्याला सोडायचे नसते, हे तिथल्या कामाने महाराष्ट्राला दाखवले.

पोर रुग्ण आहे. गुन्हेगार त्याला विकणारा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार, 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा चिखली-मेहकरपासून संग्रामपूरपर्यंत प्रत्येक गावच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू या. बाटली आणायला पोराला पाठवायचे नाही. मुलांना विकणाऱ्याची तक्रार एकट्या आईने नव्हे, साऱ्या गावाने करायची. आणि पिणाऱ्या पोराला लपवण्याऐवजी मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यायचे. 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मालाला भाव मिळवायचाच आहे. तो घ्यायला घरात शुद्धीवरचे पोरही हवे.