आई गोष्टीत गेली आहे

गेल्या श्रावणात एका दुपारी आमच्या हातोदच्या घरी दूध उतू गेलं. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो. जळका वास आला म्हणून धावलो. गॅसपासून दहा पावलांवर आई खुर्चीत बसली होती, मांडीवर ‘मृत्युंजय’. तिला ना वास आला होता, ना माझी हाक ऐकू गेली. मी चिडून नको ते बोललो. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आईचं असं हरवणं मला वाचन वाटत नव्हतं, आजार वाटत होता. पुण्याहून ताईचाही रोज फोन, “आई फार एकटी बसते का रे?”

मंडळी, या सदरात आपण एरवी फोटो कसा काढावा यावर गप्पा मारतो. आज एका फोटोमुळे मला काय कळलं, ते सांगतो. युक्तीही सांगतो, म्हणजे घरी करून बघता येईल.

चिडल्याची भरपाई म्हणून मी ठरवलं, आईचा वाचतानाचा फोटो काढायचा. साधा नाही, स्वप्नातल्यासारखा. कल्पना जुनीच आहे. गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराने 1863 मध्ये ‘डॉन किहोते’साठी चित्रं काढली. त्यातल्या एका चित्रात किहोते खुर्चीत बसून वाचतोय आणि पुस्तकातले सरदार, राक्षस, सुंदऱ्या यांनी त्याची अख्खी खोली भरून गेली आहे. फोटोत असं काही करायला तेव्हा फार खटपट लागे. ऑस्कर रेलँडरने 1857 मध्ये सुमारे 30 निगेटिव्ह जोडून एक फोटो तयार केला होता. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून पडद्यावर चमत्कार घडवले. आणि इंजिनिअरने फोटोच्या नादी लागणं ही तर इंदूरची जुनी खोड. राजा दीनदयाल रूरकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि इथेच कॅमेऱ्याच्या प्रेमात पडले. आपण त्याच वाटेवरचे, फक्त त्यांच्याइतकी अक्कल नाही!

आता युक्ती. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. आईला उंच स्टुलावर बसवून एक फोटो. मग आई आणि स्टूल दोन्ही बाजूला करून रिकाम्या खोलीचा दुसरा. मधे ट्रायपॉडला धक्का नको, आणि दोन्ही फोटो मिनिटभरात उरका, कारण पावसाळ्यात ढग सरकला की उजेड बदलतो. ‘गिंप’सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आईचा फोटो रिकाम्या खोलीच्या वर ठेवा आणि लेयर मास्क लावून स्टूल पुसा. खालची रिकामी जागा दिसू लागते आणि माणूस हवेत तरंगतो. जमिनीवर सावली तेवढी ठेवा, नाहीतर फोटो चिकटवल्यासारखा दिसतो.

मी आणखी हौस केली. पुस्तकातून गंगा वाहते आहे, फरशीत रथाचं चाक रुतलंय आणि वर आई तरंगतेय. रात्री दोनपर्यंत बसून सगळं जुळवलं. बायकोने वाहवा केली. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे रे. पण मी वाचताना असं काही दिसत नाही.”

“मग काय दिसतं?”

तिने जरा विचार केला. “या पुस्तकात कर्ण ‘मी’ म्हणून बोलतो, मग कुंती ‘मी’ म्हणून बोलते, वृषालीही. वाचता वाचता तो ‘मी’ माझाच होऊन जातो. मग हातोदच्या घरातली मी तिथे नसतेच. कुणी हाक मारली तर ओ कोण देणार?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “शेवट तर पाठ आहे. तरी दर वेळी वाटतं, या खेपेला चाक निघेल.”

बाबांच्या शेवटच्या दिवसांत आयसीयूच्या बाहेर ती अशीच बसली होती. त्या वेळीही डॉक्टरांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही बाबांबद्दल बोललो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

माझी चूक माझ्या लक्षात आली. मी फोटोत गोष्ट भरत होतो, पण वाचणाऱ्याचं खरं चित्र वजाबाकीचं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा ट्रायपॉड लावला. आई खुर्चीत वाचत बसली, तो एक फोटो. ती उठल्यावर गादीला कुणी हात न लावता दुसरा. मग बायकोने बाजूला उभं राहून पुस्तक आणि चष्मा त्याच उंचीवर धरला, तो तिसरा. नंतर बायकोचे हात पुसून टाकले. राहिलं ते इतकंच: हवेत उघडं पुस्तक, त्याच्यासमोर चष्मा, साय धरलेला चहा आणि गादीत पडलेला खळगा. शेजारी बाबांची खुर्ची, तीही रिकामी. पण तिची गादी सपाट.

नऊ वर्षांच्या लेकीने फोटो पाहिला आणि घाबरली. “आजी कुठे गेली?”

“गोष्टीत गेलेय,” आई म्हणाली. “गादी बघ, अजून दबलेलीच आहे. जेवायला येते परत.”

ताईला मी तोच फोटो पाठवला आणि आईचं उत्तरही. आता ती आईला फोनवर “एकटी बसतेस का?” असं विचारत नाही, “कुठवर आलीस?” असं विचारते. दूध तापवायचं काम माझ्याकडे आलं आहे. आईने गंगेचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्याचा मात्र तिने प्रिंट मागितला आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवला.

तुमच्या घरी असं हाकेला ओ न देणारं कुणी असेल, तर त्यांचा फोटो जरूर काढा. आधी मात्र ते वाचताना कुठे जातात, ते त्यांनाच विचारा. मी उशिरा विचारलं.